वीज गेली तरी न ढळणारा पलंग

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले जानेफळ हे मोठे गाव. अशा गावात पलंग-दिवाण अजूनही गावचाच सुतार करतो, लोखंडी सांगाडा वेल्डिंगवाला जोडून देतो आणि जळालेली मोटर वायंडिंगच्या दुकानातून भरून मिळते. बटण दाबताच उशाचा भाग वर उचलणारा पलंग करायचा म्हटला, तर त्याला लागणारे हात गावात आहेत. अडते ते हिशेबापाशी. मोटर कोणती घ्यायची, किती ताकदीची, ती कुठे बसवायची?

या हिशेबाची सुरुवात बहुतेक जण ताकदीपासून करतात. वऱ्हाडातल्या गावात ती दुसऱ्या प्रश्नापासून करावी असे माझे मत आहे. आजोबा अर्धे उठून बसलेले असताना वीज गेली, तर पलंगाचे काय होईल? तो तिथेच थांबेल, की आजोबांसह धाडकन खाली येईल? या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की बाकीची निवड बरीचशी आपोआप होते.

असे पलंग आले दवाखान्यातून. रुग्णाला घरी आणल्यावर शहरांत भाड्याने जो ‘फाउलर बेड’ मिळतो, त्याला जॉर्ज रायर्सन फाउलर या अमेरिकी शल्यचिकित्सकाचे नाव आहे. पोटात पू झालेल्या रुग्णाला अर्धवट बसते ठेवले तर पू खाली उतरतो आणि रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते, असे त्याने १९०० साली मांडले. पण माणसाला तासन्‌तास अर्धे बसवून ठेवणार कसे? विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९०९ साली बिजागऱ्यांवर दुमडणाऱ्या, हँडलने वर-खाली होणाऱ्या भागांचा पलंग पुढे आणला. आपल्याकडच्या दवाखान्यांत पायथ्याशी हँडल असलेली जी लोखंडी कॉट दिसते, ती याच वंशातली. आरामखुर्चीची वाट वेगळी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९२८ साली एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर या नात्याने भाऊ असलेल्या दोघांनी पाठ मागे झुकणारी लाकडी पट्ट्यांची खुर्ची केली. ‘ले-झी-बॉय’ ही कंपनी तिथूनच वाढली. मोटर या दोन्ही घराण्यांत बरीच नंतर आली.

आली तेव्हा तिने यंत्रणा बदलली नाही, फक्त हँडल फिरवणाऱ्या हाताची जागा घेतली. हँडलच्या पलीकडे एक लांब, आटे पाडलेला दांडा असतो आणि त्या आट्यांवर एक नट सरकतो. दांडा फिरला की नट पुढे जातो आणि पलंगाचा भाग ढकलतो. ट्रॅक्टरचे चाक बदलताना लावतात तो स्क्रूचा जॅक हाच. काही टन वजन एका माणसाच्या मनगटाने वर जाते. पण त्याहून नवलाची गोष्ट अशी की हात काढून घेतला तरी जॅक खाली येत नाही. त्याला कोणी धरलेले नसते. त्यात ब्रेक नसतो, खिट्टी नसते.

हे कसे घडते? आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. १२ मिलिमीटर जाडीचा दांडा घेतला आणि एका फेऱ्यात नट ३ मिलिमीटर पुढे जाईल असे आटे त्यावर पाडले, तर त्या चढाचा कोन साधारण ५ अंश भरतो. इतक्या मंद चढावर वजन स्वतःहून घसरायचे, तर पृष्ठभाग फारच गुळगुळीत हवा. ग्रीस लावलेल्या स्क्रू-नटाचे घर्षण साधारणतः ८ अंशांच्या चढापर्यंत वजन रोखून धरते. चढ ५ अंशांचा, घर्षणाची पकड ८ अंशांची. म्हणून नट जागचा हलत नाही. यंत्रशास्त्रात अशा स्क्रूला स्वयंबंधक म्हणतात. वीज असो-नसो, त्याला फरक पडत नाही.

या पकडीची किंमत मात्र मोजावी लागते. वजन खाली घसरू न देणारे घर्षण वर चढवतानाही आडवे येते. स्वयंबंधक स्क्रूची कार्यक्षमता कधीच निम्म्याच्या वर जात नाही, हे गणिताने सिद्ध आहे. आपल्या वरच्या दांड्यात ती ३५ टक्क्यांच्या आसपास येते. उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत्या ठेवल्या की तोच बॉलस्क्रू ९० टक्के कार्यक्षम होतो. कारखान्यातल्या यंत्रांत तो शोभतो. पण वीज जाताच तो वजनाखाली उलटा फिरू लागतो, म्हणून त्याला वेगळा ब्रेक लावावा लागतो. विजेची उधळपट्टी करणारा जुना स्क्रू घरच्या पलंगात अधिक शहाणा ठरतो, तो असा. त्याचा दोष आणि त्याचा गुण एकाच घर्षणाचे आहेत.

बाजारात ‘लिनियर ॲक्चुएटर’ नावाने मिळणारी नळी म्हणजे हाच स्क्रू, मोटर आणि गिअर एका डबीत बसवलेले. आत २४ व्होल्टची छोटी डीसी मोटर असते. तिचा वेग मिनिटाला ३,००० फेरे धरू. तिच्या टोकाचा वर्म गिअर तो तीस पटींनी कमी करतो, म्हणजे स्क्रू मिनिटाला शंभर फेरे घेतो. दर फेऱ्याला ३ मिलिमीटर या हिशेबाने दांडी सेकंदाला ५ मिलिमीटर बाहेर येते. नट बहुधा कठीण प्लास्टिकचा असतो, त्यामुळे आवाज कमी होतो आणि झीजही स्वस्तात भरून निघते. दोन्ही टोकांना लिमिट स्विच असतात. दांडी शेवटाला पोचली की ते प्रवाह तोडतात, पण उलट दिशेचा प्रवाह डायोडमधून जाऊ देतात. दिशा बदलायला दोन तारांची अदलाबदल पुरते आणि ती अदलाबदल रिमोटचे बटण करते.

मग शेतातल्या पंपाची मोटर का चालत नाही? गावात हा प्रश्न हमखास निघतो, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्राला मोटर नवी नाही. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरूत विजेच्या मोटरींचा कारखाना सुरू केला, आणि विहिरीवरची मोटर ही तर वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरचीच गोष्ट. पण त्या मोटरीला एकाच वेगाने तासन्‌तास फिरायचे असते. दोन ध्रुवांची मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला २,८८० च्या आसपास फेरे घेते. पलंगाला हवे ते उलटेच, अर्धा मिनिट चालणे, दोन्ही दिशांनी फिरणे आणि जिथे म्हणू तिथे थांबणे. त्यात व्होल्टेजचा घोळ आहेच. एसी मोटरीची पिळण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर ताकद ६१ टक्क्यांवर येते. हंगामात पंप जळतात त्यामागे हेही एक कारण असते. याउलट ॲक्चुएटरचा ॲडॉप्टर मोबाइल चार्जरच्या जातीचा असतो. १०० ते २४० व्होल्टमधले काहीही मिळाले तरी तो पलीकडे ठरलेले २४ व्होल्टच देतो. घेताना ही श्रेणी ॲडॉप्टरवर छापलेली पाहून घ्यावी.

आता ताकद. ७० किलोच्या माणसाचे कंबरेवरचे वजन ४० किलो धरू. गादी, प्लाय आणि लोखंडी चौकट यांचे १५. एकूण ५५ किलो. या वजनाचा मध्य बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर आहे असे समजू. पलंग सपाट असताना बिजागरीभोवती येणारा पीळ ५५ गुणिले ९.८ गुणिले ०.४०, म्हणजे सुमारे २१५ न्यूटन-मीटर. बिजागरीच्या पाइपाला खाली लोंबणारी १५ सेंटिमीटरची दांडी वेल्ड केली आणि ॲक्चुएटरने ती आडवी ढकलली, तर लागणारे बळ २१५ भागिले ०.१५, म्हणजे १,४४० न्यूटनच्या घरात. साधारण १४५ किलो वजनाइतके. पलंगाखाली जागा कमी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याने तीच दांडी ५ सेंटिमीटरची केली, तर बळ ४,३०० न्यूटनच्या वर जाते. मोटर तीच, आजोबा तेच, फक्त दहा सेंटिमीटर लोखंड वाचवले.

म्हणून मोटर मागवण्याआधी दांडी ठरवावी. मोठी मोटर घेऊन आखूड दांडीची चूक झाकणारे पुष्कळ आहेत. पण मग ते सगळे बळ बिजागरीच्या पिनेवर आणि प्लायमधल्या स्क्रूंवर येते, आणि प्लाय उपटून निघतो. ॲक्चुएटरची पाठीमागची पकड प्लायवर नव्हे, चौरस लोखंडी पाइपावर घ्यावी. ॲक्चुएटर पलंगाला जितक्या जोराने ढकलतो, तितक्याच जोराने मागच्या पिनेलाही ढकलतो, हे सुताराला एकदा दाखवून दिले की पुढचे तो स्वतः करतो.

या रचनेत एक सुंदर योगायोग आहे. पलंग वर जाऊ लागला की वजनाचा पीळ कमी होतो. ६० अंशांवर तो सपाट असतानाच्या निम्मा राहतो. दुसरीकडे खाली लोंबणारी दांडीही तितकीच तिरपी होते आणि तिची उपयोगी लांबीही निम्म्यावर येते. दोन्ही एकाच प्रमाणात घटतात. परिणामी, ॲक्चुएटर बराचसा आडवा राहिला तर त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखेच बळ लावावे लागते. मोटरीचा आवाज एका पट्टीत राहतो, आणि पलंगावरच्या माणसाला धक्का जाणवत नाही.

६० अंशांसाठी ॲक्चुएटरची दांडी १५ गुणिले साइन ६०, म्हणजे १३ सेंटिमीटर सरकावी लागेल. सेकंदाला ५ मिलिमीटरने हे २६ सेकंदांचे काम आहे. बाजारात १५० मिलिमीटर सरकणारे ॲक्चुएटर सर्रास मिळतात, तेवढ्यात भागते. बळ हिशेबाच्या दुप्पट धरून ३,००० न्यूटनचा घ्यावा. पलंगाच्या कडेवर कोणी तरी बसणारच, नातवंडे उड्या मारणारच. पलंगांसाठीचे ६,००० न्यूटनचेही मिळतात, पण त्यांना साजेसा सांगाडा नसेल तर त्या ताकदीचा उपयोग सांगाडा वाकवण्यापलीकडे होत नाही. गरजेपेक्षा लांब सरकणाराही घेऊ नये. ढकलणारी बारीक दांडी मध्येच वाकण्याचा धोका लांबीबरोबर झपाट्याने वाढतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने याचे गणित बसवले : लांबी दुप्पट, तर वाकण्याआधी पेलता येणारे बळ चौथाई.

एक सावधगिरी वेगाबद्दल. सेकंदाला ३०-४० मिलिमीटर धावणारे ॲक्चुएटर चित्रफितीत छान दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याचशांच्या स्क्रूवर एकाच वेळी चार-चार आटे पाडलेले असतात, एका फेऱ्यात नट १२ मिलिमीटर जातो आणि चढाचा कोन २० अंशांवर पोचतो. घर्षणाची पकड ८ अंशांची असताना २० अंशांचा चढ म्हणजे वीज जाताच घसरगुंडी. टीव्ही वर आणणाऱ्या कपाटाला तो वेग चालेल. माणूस झोपतो तिथे नको. माहितीपत्रकात ढकलण्याच्या बळाशेजारी थांबलेल्या अवस्थेत पेलण्याचे बळ वेगळे दिलेले असते. पलंगासाठी ते आधी वाचावे.

विजेचा हिशेब केला की आणखी एक नवल समोर येते. १,४४० न्यूटन गुणिले सेकंदाला ५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्ष उचलण्याचे काम जेमतेम सव्वासात वॉटचे. स्क्रू, वर्म गिअर आणि मोटर यांतली गळती धरली की विजेकडून सुमारे ५० वॉट ओढले जातात. घरातला जुना पंखा ७५ वॉट घेतो. पंख्याहून कमी विजेत मोठा माणूस उठून बसतो, आणि एका युनिटात तो अडीच हजारांहून अधिक वेळा उठू शकेल. दिवसातून दहा वेळा पलंग वर-खाली केला तरी वर्षाला तीन युनिटे पुरतात. गंमत अशी की ॲडॉप्टर नुसता प्लगला लावून ठेवला आणि त्याने अर्धा वॉट खाल्ला, तर वर्षभरात सव्वाचार युनिटे होतात. पलंग हलण्यापेक्षा पलंग न हलण्यालाच जास्त वीज लागते.

पण ५० वॉटांतले सात कामी आले, तर उरलेले ४३ जातात कुठे? त्या बंद नळीच्या आत, उष्णतेत. म्हणूनच ॲक्चुएटरवर ‘१० टक्के, २ मिनिटे चालू, १८ मिनिटे बंद’ अशी सूचना छापलेली असते. ती शोभेची नाही. बहुतेक फर्निचर-मोटरी ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात, आणि वऱ्हाडातला मे महिना ही मर्यादा अनेकदा ओलांडतो. पत्र्याच्या घरात तर दुपारी विचारूच नये. तिथे दोन मिनिटांची सवलत एका मिनिटावर आणावी, आणि पोरांच्या हाती रिमोट देऊ नये. खेळ म्हणून दहा मिनिटे वर-खाली केलेली मोटर जळाली, तर तो मोटरीचा दोष नव्हे.

आता वीज जाण्याकडे परत येऊ, कारण स्वयंबंधक स्क्रूची दुसरी बाजूही आहे. तो पलंग पडू देत नाही, तसा उतरूही देत नाही. उठून बसलेल्या रुग्णाला अचानक चक्कर आली, त्याला सपाट निजवायचे आहे आणि वीज नाही, तर तोच गुण अडचण ठरतो. परदेशी आरामखुर्च्यांत ९ व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्यांची सोय असते. त्या खुर्ची एकदा मूळ जागी आणण्यापुरत्याच असतात. भारनियमनाची सवय असलेल्या गावात याहून भक्कम उपाय करावा. यूपीएसमध्ये असतात त्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात आणि पलंग शेकडो वेळा हलतो. घरात इन्व्हर्टर असेल तर ॲडॉप्टर त्याच्याच प्लगला लावला तरी पुरे. याशिवाय ॲक्चुएटरची पुढची पिन हाताने, अवजाराविना काढता येईल अशी ठेवावी. दोघांनी उशाचा भाग धरायचा, तिसऱ्याने पिन ओढायची. ही कवायत घरातल्यांनी एकदा दिवसाउजेडी करून पाहिलेली बरी.

प्रत्येक फर्निचरला ॲक्चुएटर लागतोच असे नाही. आपल्याकडे ‘हायड्रॉलिक बेड’ म्हणून जो पेटीपलंग विकला जातो, त्याच्या दोन नळ्यांत मुख्यतः दाबलेला नायट्रोजन असतो, तेल थोडेसेच. सहा बाय पाच फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय ३०-३५ किलो भरतो. गॅसच्या नळ्या त्यातला बहुतेक भार उचलतात आणि हाताने उरलेला थोडा. तिथे मोटर लावणे ही निव्वळ हौस. वर-खाली होणाऱ्या टेबलाला दोन पायांत दोन मोटरी लागतात आणि खरी अडचण ताकदीची नसून जोडीने चालण्याची असते. एक पाय मागे राहिला की टेबल तिरपे होऊन अडकते. म्हणून त्या मोटरींत चुंबकाच्या साहाय्याने फेरे मोजणारे सेन्सर असतात. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम त्यांत कामी येतो. दोन साधे ॲक्चुएटर एकाच बटणाला जोडून हे साधत नाही.

पाळणा तर या सगळ्यांहून निराळा. मोटरीचा पाळणा करताना जोरदार मोटर शोधणारे लोक भौतिकशास्त्राशी उगाच भांडतात. एक मीटर दोरीच्या पाळण्याला एक झोका पूर्ण करायला दोन सेकंद लागतात, बाळ तीन महिन्यांचे असो की वर्षाचे. दोरीची लांबी हा वेळ ठरवते, वजन नव्हे. त्या लयीत, दर दोन सेकंदांनी हलकासा धक्का दिला की झोका टिकतो. लय सोडून दहापट जोर लावला तरी पाळणा नुसता थरथरतो. इथे स्वयंबंधक स्क्रू अगदीच निरुपयोगी, कारण तो पाळण्याला मोकळे हलूच देणार नाही. छोटी, हलकी, लय साधणारी मोटर इथे हवी.

जुन्या गाडीची वायपर मोटर वापरण्याचा मोह भंगारच्या दुकानाशेजारी राहणाऱ्याला होतोच. वाईट नाही ती. १२ व्होल्ट, आत वर्म गिअर, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे आणि दणकट पीळ. सरकत्या पडद्याला किंवा फिरत्या कपाटाला ती चालते. पलंगाला लावायची तर स्क्रू, नट, लिमिट स्विच सगळे स्वतः जुळवावे लागते, आणि तेवढ्या खटपटीत तयार ॲक्चुएटर स्वस्त पडतो. ब्रशविरहित मोटरींची सध्या चर्चा आहे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्यांनी काढलेल्या ॲटमबर्गने ७५ वॉटचे काम ३० वॉटांच्या आसपास करणारे पंखे घरोघरी पोचवले, ते या मोटरींच्या जोरावर. पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतो, तिथे ही बचत मोलाची. दिवसातून दहा मिनिटेही न चालणाऱ्या पलंगाला साधी ब्रशची मोटर पुरे, आणि तिचे ब्रश झिजायला अशा वापरात वर्षे लागतात.

पलंग तयार झाला की त्यावर आधी माणूस झोपवू नये. ५० किलो सोयाबीनचे पोते उशाच्या भागावर ठेवून वर न्यावे, अर्ध्यावर थांबवावे, ॲडॉप्टरची पिन काढावी आणि खडूने खूण करून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी खूण सरकलेली दिसली तर स्क्रू स्वयंबंधक नाही, ॲक्चुएटर परत करावा. चालू असताना मल्टीमीटरने प्रवाह मोजावा. दोनच्या आसपास अँपिअर अपेक्षित असताना चार दिसले, तर बिजागरी कुठे तरी घासते आहे. खाली येणाऱ्या चौकटीत लहान मुलाचा हात जाऊ शकेल अशा फटींवर पत्रा मारावा, कारण १,४४० न्यूटनला हात आणि गादी यांतला फरक कळत नाही. तारा दांडीच्या वाटेतून दूर, सैल वळण ठेवून बांधाव्यात. आणि पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही पिनांच्या चाव्या पुन्हा तपासाव्यात, नवे वेल्डिंग आणि नवे लाकूड तेवढ्या काळात आपापल्या जागी बसलेले असते.